न फुगणाऱ्या भाकरीचा पिझ्झा

पिझ्झ्याच्या बाबतीत आपल्याइतका लायक माणूस अख्ख्या बोर्ली पंचतनात नाही, असं दयारामांचं ठाम मत झालं होतं. मोबाइलवरच्या बाईनं सांगितलंच होतं, पीठ आंबवत बसू नका, घरातली कुठलीही चपटी पोळी घ्या. आणि चपटेपणात दयारामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बायको कमळ गेल्यापासून दोन वर्षं ते रोज स्वतःपुरती तांदळाची भाकरी थापत होते. एक फुगली असेल तर शपथ!

सगळा घाट नातीसाठी होता. मुलगा निकेत बायको-मुलीला घेऊन आज येणार होता, पण मुक्काम दिवेआगरच्या होमस्टेवर. मे महिन्यातही तसंच झालं होतं. चहा प्यायले आणि गेले. नंतर कितीतरी दिवस दयारामांना घर खायला उठत होतं. पण परवा फोनवर अमिषा म्हणाली, "आजोबा, पिझ्झा असेल तर मी तुमच्याकडेच झोपणार." दयारामांनी लगेच गादीला नवी चादर घातली आणि बाजारातून चीज आणलं.

तरी हाताशी दोन जास्त असाव्यात म्हणून त्यांनी कुंपणावरून शेजारणीला हाक मारली. "नीराबाई, दोन भाकऱ्या द्याल? फक्त न फुगलेल्या हव्यात."

नीराबाईंचा हात कमरेवर गेला. "भावोजी, माज्या हातची भाकरी फुगल्याबिगर तव्यावरनं उतरली न्हाय कधी."

"तेच तर. मला बिघडलेलीच हवी आहे."

"म्हंजे बिघडलेली भाकरी म्हटल्यावर तुमाला मीच आठवले, व्हय?"

नीराबाई पाठ फिरवून गेल्या, पण बोलणं आळीभर फिरलं. दयारामांना म्हणे आता भाकरी पचत नाही. थोड्याच वेळात पलीकडच्या सोनूबाई पेजेचं भांडं घेऊन दारात उभ्या. "पोट बिघडलाय म्हनं? गरम हाय तवर घ्या."

दयारामांनी निमूटपणे पेज घेतली. खुलासा करत बसले असते तर काढाही आला असता.

इतक्यात निकेतचा फोन आला. "बाबा, फेरीबोटीतून दिघीला उतरलो." दयारामांनी घाईघाईनं उकड मळली, भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली. वर सॉस, कांदा, ढोबळी मिरची आणि चीजचा ढीग. मग झाकण ठेवून ते ताटं पुसायला लागले.

मागे खुडखुड झाली. वळून बघतात तर झाकण आपोआप वर उठत होतं. त्यांनी ते उचललं. खाली भाकरी टम्म फुगली होती, आणि तिच्या पोटावरून कांदा, मिरची, चीज घसरत थेट शेगडीत चाललं होतं. चीज पेटलं, धूर झाला, गॅस विझला.

"अगं कमळ, फुगली!" दयाराम ओरडले.

ओरडून झाल्यावर त्यांना कळलं, आपण कुणाला हाक मारली. ते तसेच झाकण धरून उभे राहिले.

फोन पुन्हा वाजला. "बाबा, अमिषानं जेट्टीवरच वडापाव खाल्ला. आता झोपलीये गाडीत. आम्ही सरळ दिवेआगरला जातो, तिकडचे पैसे भरलेत ना. उद्या जमलं तर चक्कर मारतो. तुम्ही काही केलं नव्हतं ना?"

"छे," दयाराम म्हणाले. "मी पेज पिऊन झोपतोच आहे." भाकरी फुगल्याचं सांगायचं होतं, पण फोन बंद झाला होता.

धूर बघून नीराबाई राग विसरून धावत आल्या. त्यांनी खिडकी उघडली, शेगडी पाहिली, भाकरी पाहिली. ती उचलून बोटानं दाबली.

"एका अंगानं कच्ची हाय. पन फुगली बरी," त्या म्हणाल्या. मग ओट्यावर मांडलेल्या चार ताटांकडे त्यांचं लक्ष गेलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कुनासाठी केलाव एवढा?"

"कुणासाठी नाही," दयाराम ताटं उचलत म्हणाले. "मलाच फार आवडतो पिझ्झा."

पिझ्झा त्यांनी जन्मात तोंडाला लावला नव्हता.