शकुनबाईंच्या नावावर

उर्वशीने प्रबंधासोबत द्यायच्या फॉर्मवरच्या शेवटच्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि तिथेच सगळं बिघडलं. चौकोन दिसायला साधा होता. 'एआयने दिलेला मजकूर मी स्वतः तपासला आहे,' एवढंच त्याच्यापुढे छापलेलं. तपासला होता, म्हणजे वाचला होता, म्हणजे वरवर चाळून 'छान आहे' असं स्वतःशी म्हटलं होतं. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आई पोहे गार होतात म्हणून तिसऱ्यांदा हाक मारत असताना माणूस याहून जास्त काय तपासणार?

एरवी पोरीने काम जीव लावून केलं होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठलेलं एक गाव माळावर नव्याने वसलं होतं. तिथल्या मासेमार घरांतल्या पंधरा बायांशी ती तासन् तास बोलली, सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि प्रत्येकीला शब्द दिला की तुमचं नाव कुठेही येणार नाही. हा शब्द सगळ्यात घट्ट पकडला तो केशरबाईंनी. कारण मुलाखतीत त्या बोलता बोलता म्हणून गेल्या होत्या, "सरकारनं घर नवं देल्लं, रस्ता नवा देल्ला, शाळा नवी देल्ली. नवरा तेवढा जुनाच ठेवला."

आणि लगेच पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "हे माह्या नावानं नको टाकू वं पोरी. आमच्या बुढ्याच्या कानावर गेलं तं महिनाभर तोंड फुगवून बसन."

उर्वशीने एआयच्या मशीनला खरी नावं दिलीच नाहीत. 'बाई क्रमांक एक, दोन, तीन' असे आकडे दिले आणि सांगितलं, भंडाऱ्याकडच्या बायांना शोभतील अशी नावं लाव. मशीनने डोळ्याचं पातं लवायच्या आत पंधरा नावं लावली. बाई क्रमांक चार, म्हणजे केशरबाई, झाल्या शकुनबाई. नावं इतकी अस्सल होती की उर्वशीला कौतुकच वाटलं. अस्सल नावाचं अस्सल माणूसही असतं, आणि साठ घरांच्या गावात तर हमखास असतं, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

तिच्या मार्गदर्शक मेघा मॅडमचा एक नियम होता. "ज्यांचं बोलणं आहे त्यांना आधी वाचून दाखव, मग मी सही करते." प्रबंध द्यायची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारची, तेव्हा उर्वशी सोमवारीच गावात पोचली. घरोघर जाऊन हळूच वाचायचा तिचा बेत होता. पण मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष बाबुलाल यांना 'हळूच' हा प्रकार मुळातच मान्य नव्हता. त्यांनी समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या आणि अख्खं गाव गोळा केलं. अभ्यास बायांवर होता, म्हणून पुरुष पुढे बसले.

उर्वशीने वाचायला सुरुवात केली. "शकुनबाई, वय छप्पन्न, म्हणतात..." आणि ते नव्या घराचं, जुन्या नवऱ्याचं वाक्य तिने वाचलं.

समाजमंदिर हसून हसून आडवं झालं. सगळ्यात मोठ्याने हसले केशरबाईंचे नवरे टिकाराम. डोळे पुसत ते म्हणाले, "वा शकुनबाई. दादाजीची तं पार हवाच काढली."

मागच्या ओळीतून एक ठसठशीत बाई उभी राहिली. "ओ मॅडम, मी कवा बोलली? तुम्ही आल्या तवा मी पोरीच्या बाळंतपणाले लाखनीले होती. महिनाभर गावातच नव्हती मी."

पहिल्या ओळीत शकुनबाईंचे नवरे दादाजी मान खाली घालून बसले होते. दाढी आठवड्याची, बनियन त्याहून जुनं. जुनेपणाचा दाखला शोधायला कुणाला लांब जावं लागत नव्हतं.

"मावशी, हे नाव खोटं आहे. म्हणजे बदललेलं आहे. मी दुसरं घालते," उर्वशी म्हणाली. "जनाबाई घालू?"

"जनाबाई मी होय," खिडकीजवळून आवाज आला.

"मग गीताबाई?"

"थे माही बायको होय," बाबुलाल गंभीरपणे म्हणाले. "अध्यक्षाच्या घरी नका घुसू."

"मंग बोललं तरी कोन?" टिकारामांनी विचारलं, आणि सगळ्यांच्या माना बायांकडे वळल्या. केशरबाई छताचा पंखा बघत होत्या. पंखा बंद होता. उर्वशीला आपण दिलेला शब्द आठवला आणि तिने केशरबाईंकडे बघायचं टाळलं. दादाजी उठले, चप्पल पायात सरकवली आणि कुणाकडे न बघता निघून गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना तिला रडूच यायला लागलं.

परत आल्यावर मेघा मॅडमसमोर तिने सगळं सांगून टाकलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"मशीनला ते गाव माहीत होतं का?"

"नाही, मॅडम."

"तुला होतं?"

"हो."

"मग खूण कोणी केली?"

मॅडम जरा मवाळ झाल्या. "मदत घे, ना कोण म्हणतं? पण त्या माणसाला तोंड दाखवायला मशीन जाणार नाही. तू जा. निस्तरून ये, मग सही."

उर्वशी गुरुवारी गावात शिरली. नळाजवळ तिला पहिले दिसले ते दादाजी. दाढी गुळगुळीत, अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पाण्याची गुंडी, म्हणजे कळशी. तिला बघून त्यांनी मान डोलावली आणि भराभर घराकडे निघाले. दारात शकुनबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. भर सकाळी, रिकाम्या हातांनी.

"मावशी, माझी चूक झाली. तुमचं नाव आज काढूनच टाकते."

"काहून काढतेस?" शकुनबाई दचकून सावरून बसल्या. "चांगलं चालून राहिलं ना. तीन दिवसांपासून पानी भरून राहिले, काल तं भाजी पन चिरली. राहू दे नाव."

"पण तुम्ही ते बोललाच नाहीत."

"आता बोलते. लाव तुहा मोबाईल."

अशी मुलाखत घेता येत नाही हे समजावता समजावता उर्वशीच्या नाकी नऊ आले. कशीबशी सुटून ती वळते तोच केशरबाईंनी तिचा हात धरून तिला भिंतीआड ओढलं.

"पोरी, माहं नाव टाक."

"मावशी, तुम्हीच तर नको म्हणाला होतात."

"तवा मले काय मालूम का एवढं कामाचं बोलली मी." केशरबाईंचा आवाज चढला. "बोलली मी, अन् नवरा सुधरला तिचा. माहा बुढा खाटेवर पडून दादाजीले हसून राहिला. रोज हसते. गुंडी कोन आनते? मीच."

दुपारी उर्वशीच्या विनंतीवरून समाजमंदिर पुन्हा भरलं. या वेळी उर्वशी आधी उभी राहिली आणि तिने सरळ सांगितलं. नावं मशीनने दिली होती. तपासायचं काम तिचं होतं, ते तिने केलं नाही. शकुनबाई ते वाक्य बोलल्या नव्हत्या. दादाजींना विनाकारण ऐकून घ्यावं लागलं, त्याची ती माफी मागते.

दादाजी संकोचून म्हणाले, "जाऊ द्या जी. शर्ट तसाही पेटीत पडून होता."

तेवढ्यात केशरबाई उभ्या राहिल्या. "थे मी बोलली. माह्याच नावानं लिहा."

टिकारामांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. पण संस्थेच्या मीटिंगांमध्ये मुरलेला माणूस तो, इतक्यात हार मानतो होय! "मॅडमनं आत्ताच सांगतलं ना, मशीन चुकते म्हून. हे पन मशीननंच टाकलं असन. आमच्या घरी असं कोनी बोलत नाही."

"पोरी, रेकॉर्ड लाव," केशरबाई म्हणाल्या.

उर्वशी त्यांच्याजवळ गेली. "मावशी, सगळ्यांसमोर? नक्की?"

"नक्की."

"पुन्हा एकदा विचार करा."

"चाळीस वर्सं केला. लाव."

उर्वशीने मोबाईल बाबुलालांच्या माईकला लावला. केशरबाईंचा आवाज समाजमंदिरात घुमला. घर नवं, रस्ता नवा, शाळा नवी. आणि मागे, प्रत्येक वाक्याला ठेका दिल्यासारखं कुणीतरी संथ, भरदार घोरत होतं. 'नवरा तेवढा जुनाच ठेवला,' असं केशरबाई म्हणाल्या, तेव्हा तर ते घोरणं अगदी रंगात आलं होतं. ते कुणाचं आहे हे गावात कुणाला विचारायची गरज नव्हती. संस्थेच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

हसणं थांबायला बराच वेळ लागला. टिकाराम मान खाली घालून बसले होते. मग ते उठले, बायकोजवळ गेले आणि दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले.

"नळ किती वाजता येते?" त्यांनी हळूच विचारलं.

"सहा वाजता," केशरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. उर्वशीने कागदावरचं शकुनबाईंचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःच्या हाताने केशरबाई लिहिलं.

टिकाराम वाकून ते लिहिणं नीट बघत होते. "मॅडम," ते म्हणाले, "बोलनारीचं नाव खरं टाका, माही काही हरकत नाही. घोरनाऱ्याचं तेवढं बदलून टाका."

"बरं. कोणतं घालू?"

टिकारामांनी जराही विचार केला नाही.

"दादाजी," ते म्हणाले.