फुलाफुलांची चिंधी

आमच्या घरात माझा एकच नियम आहे. माझ्या पोलला कोणी हात लावायचा नाही. पोल म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा खांब. तो दोन मीटरपर्यंत वर ओढायचा, सांधा घट्ट पिळायचा आणि माथ्यावर रिसीव्हर बसवायचा. मग तो रिसीव्हर उपग्रहांना विचारून पायाखालच्या जमिनीची उंची सांगतो. मी या पोलला पोटच्या पोरासारखं जपतो. दर रविवारी स्वतः पुसतो, सांध्यात शिलाई मशीनचं तेल घालतो. इतकी काळजी घेणारा दुसरा मोजणीदार दाखवा, मिशी उतरवून ठेवीन!

त्या सोमवारी तर मालकांनी बजावलंच होतं, "आजची मोजणी बिनचूक झाली तर नोकरी कायम. नाहीतर दुसरीकडे बघ."

आणि सकाळी बघतो तर काय, पोल स्वयंपाकघरात! टोकाला झाडू बांधलेला, सांध्यावर फुलाफुलांची चिंधी गुंडाळलेली, आणि सासूबाई छताची जळमटं काढतायत. माझं डोकंच फिरलं.

"हा काय झाडूचा दांडा वाटला तुम्हाला?"

"जावईबापू, ऐकून तर घ्या. ती चिंधी मी..."

"मला काही ऐकायचं नाही. याच्यावर माझं पोट आहे, पोट!"

झाडू भिरकावला, चिंधी ओढून केराच्या डब्यात टाकली आणि पोल घेऊन तरातरा निघालो. मागून त्या काहीतरी सांगत होत्या. मी दार आपटलं.

मोजायची होती ती अर्धवट बांधलेल्या एका इमारतीभोवतीची जमीन. पहिला कोपरा बरोबर आला. दुसरा चार बोटं खाली. तिसरा वीतभर. म्हटलं, उतार असेल. खात्रीसाठी पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर आलो, तर तोही वीतभर खाली! सकाळी होती तिथे जमीनच नव्हती. त्यात पोलवरच्या पडद्यावरचे आकडे बघायला मला दर वेळी जास्तच वाकावं लागत होतं. सकाळच्या संतापाने कंबर धरली असणार. तेही मी सासूबाईंच्याच खात्यावर टाकलं.

ठेकेदार म्हणाला, "साहेब, जमीन तर सपाट दिसतेय."

"डोळ्यांनी मोजता आली असती तर मला कशाला बोलावलंत? जमीन खचतेय. माणसं बाहेर काढा आधी."

झालं. कामगार धावत रस्त्यावर आले, मिक्सर बंद पडला, त्यातलं काँक्रीट आतल्या आत घट्ट होत चाललं. ठेकेदाराने मालकांना फोन लावला. मालक आले तेव्हा मी पोलपाशी जवळजवळ दुमडलेला होतो.

"सगळी इमारत खाली चाललीये साहेब," मी तशातच सांगितलं.

"तू असा ओणवा का?"

"कंबर धरलीये."

"आणि रिसीव्हर तुझ्या छातीशी का? त्याचीही कंबर धरलीये?"

मी वर बघितलं. वर काहीच नव्हतं. सगळ्यांच्या देखत पोलची वरची नळी निवांतपणे आणखी बोटभर खाली सरकली.

"पोल बुटका झाला की यंत्राला जमीनच खाली गेल्यासारखी वाटते, हे मी तुला शिकवायचं?" मालक कडाडले. "उद्या पुन्हा मोजायचं. पुन्हा चुकलास तर परत तोंड दाखवू नकोस."

मिक्सरवर हातोडा घालता घालता ठेकेदार माझ्याबद्दल जे बोलत होता, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आलो तो फणफणतच. "काय करून ठेवलंत पोलला? दिवसभर घसरतोय तो!"

"मी?" सासूबाईंचाही पारा चढला. "माझ्याही हातात घसरतच होता. घट्ट धरायच्या सांध्यात कुणा गाढवाने तेल ओतलंय! म्हणून तर ती चिंधी आवळून बांधली होती. तेच सांगत होते, तर तुम्ही दार आपटलंत माझ्या तोंडावर."

मला रविवार आठवला. ते गाढव कोण, हे मी घरात अजून सांगितलेलं नाही.

केराचा डबा उपसून चिंधी मीच शोधली, मीच धुतली. सासूबाईंनी सांधा पुसून ती परत करकचून बांधली आणि सकाळी पोल माझ्या हातात दिला.

"जावईबापू, एक नियम," त्या म्हणाल्या. "या गाठीला हात लावायचा नाही."