केरसुणी, माठ आणि गुरुसिद्धप्पा

माणूस हेच देशाचं खरं भांडवल आहे, याबद्दल आता कोणाचंच दुमत उरलेलं नाही. कोणता माणूस, एवढंच काय ते कचेरीनं ठरवायचं असतं.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी तसं परिपत्रकच आलं: कर्मचारी हा खर्च नसून भांडवल आहे, सबब त्यात गुंतवणूक करावी. आमच्या कचेरीला (गावाचं नाव सांगत नाही, नोकरी चालू आहे) ते अगदी वेळेवर मिळालं. जमिनींचं सारं जुनं दप्तर निजामाच्या वेळचं, उर्दूत. उर्दू वाचणारे कारकून हैदराबादेस निघून गेलेले आणि आम्ही नवे सगळे सोलापूरकडचे. कापडात बांधलेले ते कागदांचे बस्ते वाचू शकणारा एकच माणूस उरला होता, दप्तरी गुरुसिद्धप्पा.

गुरुसिद्धप्पा एकोणीस वर्षं रोजंदारीवर होता. त्याची मजुरी 'सादिलवार' या किरकोळ खर्चाच्या सदरातून निघे. त्या सदरात क्रमानं केरसुणी, शाई, सुतळी, माठ आणि गुरुसिद्धप्पा अशा बाबी होत्या (माठ दरवर्षी नवा येई). आपण कायम व्हावं, म्हातारपणी पेन्शन मिळावी, म्हणून तो दर पाडव्याला अर्ज करी.

परिपत्रक आल्यावर त्याला वाटलं, यंदा आपलं काम झालं. साहेबांनी मात्र शास्त्रशुद्ध विचार केला. भांडवल म्हणजे जे कायम पटावर आहे ते. गुरुसिद्धप्पा पटावर नाही, म्हणून तो भांडवल नाही; आणि जो भांडवल नाही त्याच्यात गुंतवणूक करणं म्हणजे सरकारी पैशाची उधळपट्टी. तेव्हा पटावरचे तीन कारकून उर्दू शिकायला हैदराबादेस धाडले. त्यांतला एक मी.

सहा महिन्यांत भांडवलात झालेली वाढ अहवालात नोंदलेली आहे. वजन, सरासरी नऊ पौंड. शेरवानी, एक. इराणी चहाची सवय, तिघांनाही. उर्दूही आली, पण छापील. दुर्दैवानं आमच्या दप्तरात एकही अक्षर छापील नव्हतं. सगळं जुन्या कारकुनांनी घाईघाईत खरडलेलं. म्हणून गुरुसिद्धप्पा वाची, आम्ही मराठीत उतरवून घेत असू आणि खाली 'प्रशिक्षित वाचकाने तपासले' असा शिक्का मारत असू. प्रशिक्षणापूर्वी दिवसाला जमिनीचे चार दाखले निघत. प्रशिक्षणानंतरही चारच निघाले (दर्जा टिकवणं काही सोपं नसतं).

एके दिवशी तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, ह्या तिघांनाबी म्याच वाचून दावतो. मंग मला कवा कायम करणार?"

साहेब स्वभावानं दयाळू. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि समजूत घातली. "गुरुसिद्धप्पा, तुम्ही खर्चात मोडता. खर्च कसा कायम करता येईल?"

"व्हय," एवढंच म्हणून तो उठला. मी शेजारीच होतो. मला लाज वाटली, खरं सांगतो. पण अहवालात तिच्यासाठी रकाना नव्हता.

पुढच्याच महिन्यात, तीन प्रशिक्षित वाचक असताना चौथा कशाला, या कारणानं सादिलवारातून त्याचं नाव कमी झालं. माठ राहिला.

आता तो आवारातल्या कडुलिंबाखाली बसतो. आम्ही बस्ता बाहेर नेतो, तो वाचतो, आणि त्याच्या चहा-भाकरीचं दाखल्याला आलेले लोकच बघतात. कचेरीची एक मजुरी वाचली. गुंतवणुकीचं हे पहिलं फळ म्हणून साहेबांनी वर कळवलं. वरून शाबासकी आली, मला बढती मिळाली.

दारापाशी अभिप्रायाची वही टांगलेली आहे. दाखला घेऊन निघताना लोक तीत चार ओळी लिहितात. परवा मी ती पहिल्या पानापासून वाचून काढली. तीनशे बारा अभिप्राय, सगळे आमच्या तत्परतेविषयी. झाडाखालच्या माणसाचा उल्लेख एकातही नाही.

मागे आपणही आला होतात. आपल्या आजोबांचं शेत त्या कागदांतून हुडकायला त्याला भर उन्हात दोन तास लागले, आणि आपण शेजारी उभे राहून घड्याळ बघत होतात. आपला अभिप्राय एकशे सत्तेचाळिसावा आहे. अक्षर सुरेख आहे. आभार माझे मानले आहेत.