नाचता येईना, पाय वाकडा

आनेग्रेट न्याहारीच्या टेबलावर पत्र मोठ्याने वाचत होती. शेवटच्या परिच्छेदापाशी ती आली आणि तिच्या नवऱ्याच्या हातातला अंड्याचा चमचा खाली पडला.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.

"'नृत्यशिक्षक महासंघाचा यंदाचा सोनेरी बूट पुरस्कार आपणांस देण्याचे ठरले आहे. सारा देश आपल्या संगीतावर नाचतो. प्रथेनुसार सत्कारमूर्तीने महासंघाच्या अध्यक्षा श्रीमती गेझीने ट्योनीस यांच्यासह पहिला वॉल्ट्झ नाचून समारंभाचा आरंभ करावा.' शनिवारी, ओल्डेनबुर्गला. टेलिव्हिजनवाले येणार आहेत."

"नाही म्हणून कळव."

"मी हो म्हणून कळवलं. परवाच. हे त्यांचं दुसरं पत्र आहे."

फोल्कमार हासेलब्रिंगचं नाव तेव्हा पश्चिम जर्मनीत कुणाला माहीत नव्हतं? लग्न असो, साठी असो, नाहीतर मासेविक्रेत्यांचं स्नेहसंमेलन असो, त्याची तबकडी लागल्याशिवाय कुणाचा पाय हलत नसे. महायुद्ध संपल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात ट्रॉम्बोन वाजवण्यापासून त्याने सुरुवात केली. मग ब्रेमेनच्या नभोवाणीवर गेला, मग स्वतःचा सोळा जणांचा बँड काढला, चाली बांधल्या. त्या चाली इतक्या गोड आणि ठेका इतका सरळ, की लाकडी पायाचा माणूसही उठून नाचावा.

फक्त फोल्कमारला नाचता येत नव्हतं.

त्यात त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता. ज्या वयात पोरं पोरींच्या पायांवर पाय देत नाच शिकतात, त्या वयात तो मंचावर बसून त्यांना नाचवत होता. आचाऱ्याला पंगतीत बसायला कधी मिळतं? आनेग्रेट त्याला पहिल्यांदा दिसली तीही मंचावरूनच. ती एका खाटकाच्या मुलाबरोबर गिरक्या घेत होती. मुलगा नाचायचा झकास, पण तोंड उघडलं की थेट डुकराच्या भावावर यायचा. म्हणून तिने ट्रॉम्बोनवाल्याशी लग्न केलं. तेव्हापासून बावीस वर्षं ती नवऱ्याच्या प्रत्येक कार्यक्रमात नाचत आली होती. कधी रेडिओच्या अधिकाऱ्याबरोबर, कधी कुणाच्या तरी मेव्हण्याबरोबर. नवरा मंचावर पाठमोरा उभा असे.

"पहिला नाच त्या अध्यक्षाबाईंबरोबर," आनेग्रेट म्हणाली, "आणि दुसरा माझ्याबरोबर. मी निळा ड्रेस शिवायला टाकलाय. आता काही बोलू नकोस."

त्याने वाकून पडलेला चमचा उचलला.

त्या संध्याकाळपासून दिवाणखान्यात शिकवणी सुरू झाली. गालिचा गुंडाळला, आरामखुर्ची भिंतीला लावली, त्याचीच तबकडी लावली.

"एक-दोन-तीन, एक-दोन-तीन... छान! एक-दोन... अरे, हात कुठे गेला तुझा?"

"नवव्या मात्रेला ट्रम्पेट शिरतात. त्यांना खूण केली."

"घरात ट्रम्पेट नाहीत, फोल्कमार! घरात मी आहे!"

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही हात जागेवर ठेवले, पण सगळं लक्ष हातांकडे गेल्यामुळे पाय पोरके झाले. उंच दिवा आडवा झाला. तिसऱ्या दिवशी आनेग्रेटच्या उजव्या पायाची करंगळी काळीनिळी झाली. तरीही ती मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसली आणि म्हणाली, "कालच्यापेक्षा बरं जमलं." ते ऐकून फोल्कमारला दिवा अंगावर पडला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

गुरुवारी तालमीसाठी ओल्डेनबुर्गला जाताना त्याने मन मोकळं केलं ते एवाल्ड क्निपर्सजवळ. एवाल्ड हा बँडचा पहिला ट्रम्पेटवाला आणि क्लबातल्या दिवसांपासूनचा मित्र.

"एवढंच ना?" एवाल्ड म्हणाला. "घोटा मुरगळून घे."

"म्हणजे?"

"म्हणजे तालमीत वाद्याच्या पेटीला अडखळायचं, खाली बसायचं, आई गं म्हणायचं. परवा पाय बांधून यायचं. घोटा मुरगळलेल्या माणसाला नाचायला कोण लावतंय? तुला बेअब्रू नको, मला घरी जाऊन माशांचं जेवण हवंय. सुटला प्रश्न."

फोल्कमार ट्रॉम्बोनच्या पेटीला अडखळला तो इतका सुरेख, की एवाल्डलासुद्धा क्षणभर खरं वाटलं. दोन खुर्च्या, स्वरलिपीचे तीन स्टँड आणि सॅक्सोफोनवाल्याची कॉफी घेऊन तो खाली आला. पण एक गोष्ट दोघांनाही ठाऊक नव्हती. अध्यक्षा श्रीमती ट्योनीस जमिनीचं पॉलिश तपासायला स्वतः आल्या होत्या, आणि बरोबर त्यांच्या बहिणीचा नवरा होता: डॉक्टर फोको हार्म्स, हाडांचा तज्ज्ञ.

"कुणी हलू नका!" बाई गरजल्या. सत्तरी उलटली होती, पण पाठ अशी ताठ, की छताला टेकू द्यावा. "फोको, बघ त्यांना!"

डॉक्टरांनी गुडघे टेकले, घोटा दाबला.

"दुखतंय?"

"आई गं!"

"आणि इथे?"

"आई गं!"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा उजवा पाय आहे. तुम्ही डावा धरून बसला होतात."

"तोही... थोडा दुखतोय," फोल्कमार म्हणाला. मागे एवाल्डला जोराचा खोकला आला.

पुढचं सगळं उतारावरच्या गाडीसारखं झालं. बाईंनी आपली मोटार काढली, डॉक्टरांच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला, डॉक्टरांनी तो खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिला आणि मान हलवली. "बारीकशी चीर आहे. प्लास्टर. सहा आठवडे."

"चीर?" फोल्कमारला खराखुरा घाम फुटला. "कुठे?"

"तुम्हाला नाही दिसायची."

तासाभरात त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पांढराशुभ्र झाला. शुक्रवारी वर्तमानपत्रात फोटो आला. दुपारपर्यंत दारात फुलांचे अकरा गुच्छ जमले आणि कुठल्याशा सुतारांच्या मंडळाने स्वतः घडवलेल्या दोन कुबड्या पाठवल्या.

आनेग्रेटने त्या कुबड्या कोपऱ्यात उभ्या केल्या.

"ट्रॉम्बोनच्या पेटीला अडखळलास?"

"हो ना. अंधार होता जरा."

"बावीस वर्षं डोळे मिटून त्या पेट्यांमधून चालतोयस तू." ती एवढंच बोलली. भांडली असती तर परवडलं असतं. तिने शिंप्याकडून आलेला निळा ड्रेस खोक्यातून न काढताच कपाटावर सरकवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायला बसली. प्लास्टरच्या आत फोल्कमारच्या पायाला खाज सुटली. तिथे हात पोचत नव्हता, आणि मनातल्या खाजेलाही नाही.

शनिवारी संध्याकाळी सभागृह फुलून गेलं होतं. प्लास्टरच्या टाचेला चालण्यासाठी रबर लावलं होतं. त्यावर ठक-ठक करत फोल्कमार मंचावर चढला तेव्हा टाळ्यांनी छत हललं. आनेग्रेट पहिल्या रांगेत बसली होती, साध्या तपकिरी ड्रेसमध्ये, हात मांडीवर घेऊन.

श्रीमती ट्योनीसनी त्याच्या कोटावर सोनेरी बुटाचं पदक टाचलं आणि ध्वनिवर्धक हातात घेतला.

"आपले सत्कारमूर्ती जायबंदी आहेत, हे आपण जाणताच."

सभागृह हळहळलं. फोल्कमारने मान खाली घातली आणि मनातल्या मनात एवाल्डला शाबासकी दिली.

"परंतु," बाई म्हणाल्या, "आमचा नियम एकोणीसशे एकवीस सालचा आहे. युद्धातसुद्धा तो मोडला नाही. मी आत्ताच आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणतात, संथ वॉल्ट्झ, तीन मिनिटं, काही हरकत नाही. या, हासेलब्रिंग!"

फोल्कमारने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर पत्नीशेजारी बसून कार्यक्रमपत्रिका वाचत होते. ती उलटी धरली होती.

"एवाल्ड," फोल्कमार कुजबुजला, "मेलो मी."

"संथ वाजवतो," एवाल्ड म्हणाला. "जा. देव तुझं भलं करो."

बाईंनी त्याला धरलं आणि बँड सुरू झाला. एक म्हटलं की प्लास्टर आपटे: ठक! दोन आणि तीनला दुसरा पाय कसाबसा येऊन मिळे. कधी दोनदा येई, कधी येतच नसे. एका वळणावर तो सरळ खांबाकडे निघाला. बाईंनी त्याला ओढून परत आणलं आणि तो त्यांच्या बुटावर उभा राहिला, पूर्ण वजनानिशी.

"माफ करा," तो ओशाळून म्हणाला.

"माफी कसली मागताय!" बाईंचे डोळे भरून आले होते. "एवढ्या वेदनेत ठेका चुकत नाही तुमचा! पन्नास वर्षांत असा माणूस पाहिला नाही मी."

फोल्कमारने आजूबाजूला पाहिलं. लोक उभे राहिले होते. एक म्हातारा टोपीने डोळे पुसत होता. फोल्कमार तिरका गेला की बायका "बिचारा!" म्हणत, लटपटला की पुरुष "शाब्बास!" म्हणत. सगळ्या चुकांचा धनी प्लास्टर झाला होता. आपल्याला या क्षणी कसंही नाचलं तरी चालणार आहे, हे हळूहळू त्याच्या डोक्यात शिरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल पडले.

तीन मिनिटं संपली. बाईंनी त्याला मंचाकडे वळवलं. पण तो वळला नाही. ठक-ठक करत तो पहिल्या रांगेपाशी गेला आणि आनेग्रेटपुढे वाकला.

"पाय दुखत असेल तुझा," ती म्हणाली. आवाजात थंडी होती.

"नाही दुखत. कधीच दुखला नाही." तो हळू बोलत होता. "खोटं बोललो तुझ्याशी. लाज वाटली नाचायची. चल ना. फार वाईट नाचतो मी."

"ते मला माहीतेय. माझ्या करंगळीला विचार." ती उठली. "घरी गेल्यावर तुझं काय करायचं ते बघते. आत्ता चल."

ती दोघं नाचू लागली. नवव्या मात्रेला त्याचा हात उचलला गेला. आनेग्रेटने तो पकडून परत कमरेवर ठेवला. तिकडे एवाल्डला चाल सुरू करणं माहीत होतं, थांबवणं माहीत नव्हतं. इतकी वर्षं थांबण्याची खूण मालकाने केली होती, आणि मालक तर खाली नाचत होता. त्यामुळे शेवटचा भाग बँडने सात वेळा वाजवला. सातव्या वेळी आनेग्रेट हसत सुटली आणि तिने नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

सहा आठवड्यांनी दोघं प्लास्टर काढायला गेली. डॉक्टरांनी परिचारिकेला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि खाली मान घालून म्हणाले, "एक सांगायचंय. चीर नव्हती. दोन्ही पायांना ओरडलात तेव्हाच मी ओळखलं."

"मग प्लास्टर कशाला घातलंत?" आनेग्रेटने विचारलं.

"बाई, माझी मेव्हणी नृत्यशिक्षिका, सासूबाई नृत्यशिक्षिका, बायको नृत्यशिक्षिका. मला एक पाऊल टाकता येत नाही. तीस वर्षं दर समारंभात नाच सुरू झाला की मला नेमका तातडीचा रुग्ण येतो. यांच्याकडे पाहिलं आणि वाटलं, एक तरी जीव वाचवावा."

"आणि तीन मिनिटांना हो का म्हणालात?" फोल्कमारने विचारलं.

"बायकोसमोर विचारलं हो मेव्हणीने! काय करणार?" डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि प्लास्टर कापायची करवत उचलली. "चला, सुटलात एकदाचे."

फोल्कमारने पाय मागे ओढला. घसा साफ केला. आनेग्रेट खिडकीबाहेर बघू लागली, पण तिचे कान लाल झाले होते.

"डॉक्टर, म्हणजे असं आहे, की शनिवारी नभोवाणीचा वार्षिक समारंभ आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी हिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न. अजून दोन आठवडे राहू द्या की."

डॉक्टरांनी त्या पांढऱ्या पायाकडे पाहिलं. मग त्यांनी करवत खाली ठेवली, खुर्ची ओढून बसले आणि आपल्या डाव्या बुटाची नाडी सोडायला लागले.

"नभोवाणीच्या समारंभाचं आमंत्रण आम्हालाही आहे," ते म्हणाले. "बाई, ती प्लास्टरची बादली जरा इकडे सरकवता?"