मागे वळून बघणारा नंदी

मी एका धडधाकट माणसावर घागरभर पाणी ओतलं होतं. तेही प्रथमोपचार म्हणून. वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि मी देवळीला नवी सून होते. सातवी पास! शाळेत बेशुद्ध माणसाचा धडा झालेला. प्रत्यक्ष बेशुद्ध माणूस तेवढा भेटायचा राहिला होता.

तो झिबल मिस्त्रींच्या रूपाने भेटला. हे आमचे शेजारी, सुतार. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी नंदी ओढत मिरवतात ना, ते करण्यात मिस्त्रींचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दुपारचं जेवण झालं की ओट्यावर सागाचा ठोकळा ठेवायचे, त्याच्यापुढे मूठभर सरकीची ढेप, आणि तासभर समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. कोणी वखर दुरुस्तीला आणला तर हात वर. "बसा गुमान. तो येऊन राह्यला."

'तो' म्हणजे बैल. तो मनात आल्याशिवाय लाकूड तासायच्या वाकसाला हात नाही. असे आठ-आठ दिवस जायचे. बायको वारलेली, टोकणारं कोणी नाही. ढेप संध्याकाळी आमची गाय खायची.

त्या वर्षी सासूबाईंनी पहिल्या नातवासाठी, माझ्या जावेच्या लेकासाठी, नंदी सांगितला होता. पोळा आठवड्यावर आलेला. मिस्त्रींची ही बैठक मला अजून ठाऊक नव्हती. मी ताक द्यायला गेले तर मिस्त्री ताठ बसलेले, डोळे उघडे, पापणी हलत नाही. दोनदा हाक मारली. मग मला धडा आठवला.

मिस्त्री ओरडले नाहीत. निथळत, भिंतीकडे बोट करून एवढंच म्हणाले, "गेला."

सासूबाई धावत आल्या. "काऊन वं, जित्या माणसाले आंघोळ घालून राह्यली?"

पुढचे चार दिवस ओट्यावर ना ठोकळा, ना ढेप. दार लावलेलं. सासूबाई जाता-येता मला सुनावायच्या, "नंदी नाई झाला तं तूच रांगजो पोळ्यात. पोरगं दोरी धरीन." मी लुगडं कसं खोचायचं, इथपर्यंत विचार करून ठेवला होता.

पाचव्या दिवशी वाकसाचा आवाज आला. पोळ्याला मिस्त्री नंदी काखेत घेऊन दारात उभे. त्यांचे सगळे नंदी नाकासमोर बघायचे. याची मान मात्र मागे वळलेली.

मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, "मिस्त्री, माझ्या अज्ञानामुळे आपल्याला जो..."

"राहू द्या, सूनबाई. माहा बैल होता, चांद्या, बायकोच्या दुखण्यात इकला. बाजारात दोर दुसऱ्याच्या हाती देल्ला, तं चालला गेला. वळून नाई पाह्यलं. इतके वर्षं ढेप ठेवून बसतो. येते, पण पुढंच पाह्यते. तुम्ही पानी टाकलं तवा दचकला, अन् मांगं पाह्यलं माह्याकडं."