जिना दिवाणखान्यातून जातो

तो कन्सोल करडा होता की काळा, हे डॉ. त्र्यंबक बेडगकरांना आज छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण त्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूंना भेटायचं तर घरमालकाच्या दिवाणखान्यातूनच जावं लागायचं, एवढं त्यांना पक्कं आठवतं. तेही ते दोनदा विचार करून सांगतात. जमिनीखालच्या न दिसणाऱ्या पाण्याबद्दल अंदाज बांधण्यात ज्याचा उभा जन्म गेला, त्या माणसाला कशाचीच पुरती खात्री वाटत नाही.

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. त्याच्या आतल्या घराचे मालक होते भाऊसाहेब साळिंदर. कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचे ते घरचे. अंगाचा चेंडू करून दऱ्याखोऱ्यांतून उड्या मारायच्या आणि बोरं गोळा करायची, हा त्यांचा व्यवसाय होता आणि तो पाहायला लाखो लोकांनी कन्सोल विकत घेतला होता. वरच्या खोल्या बाहेरच्या मंडळींनी बनवलेल्या गेममधल्या पात्रांना राहायला दिलेल्या असत.

त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत तानूबाई राहायला गेली. डॉक्टरांनी निवृत्तीनंतर मिरजेत बसून, फिरोज मुजावर या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून जो गेम तयार केला, त्याची ती नायिका. ती उजाड माळावर फिरते, दगड उलटून बघते, वारुळं कुठे आहेत, उंबर कुठे वाढलाय हे पाहते आणि पाण्याची जागा हेरून विहीर खणते. खेळणाऱ्याने तिच्याबरोबर जागा हेरायची आणि दोर धरायचा. पाणी लागलं की तिथे वस्ती होते. तीस वर्षं व्याख्यानं देऊन जे लोकांच्या गळी उतरलं नाही, ते खेळता खेळता उतरेल, अशी डॉक्टरांना आशा होती. आशेपेक्षा शंका जास्त होती, पण गेम पुरा झाला.

भाडेकराराची अट साधी होती. दिवाळी संपेपर्यंत खोलीवर कुणीच भेटायला आलं नाही, तर खोली रिकामी करायची.

"मग ती जाईल कुठे?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"कुठेच नाही, सर," फिरोज म्हणाला. "आपण तिला याच कन्सोलच्या मापाने बेतलीय. दुसऱ्या कन्सोलच्या दारातून ती आत जाणार नाही. काढली म्हणजे संपली."

त्या दिवसापासून डॉक्टरांची झोप कमी झाली.

गणपती आले, गेले. तानूबाईच्या खोलीवर कुणी फिरकलं नाही. गेम टाकाऊ आहे, असं डॉक्टरांनी मनाशी ठरवून टाकलं आणि तसं पत्नीला, इंदुमतीबाईंना, सांगितलं.

"अहो, पण खेळून कोण म्हणालं तसं?" त्या शेंगा सोलत म्हणाल्या.

"कुणी खेळलंच नाही, अगं. त्यावरूनच दिसतंय."

"लग्नाला कुणी आलं नाही, म्हणून स्वयंपाक बिघडला होता म्हणायचं का?"

फिरोजने मग टीव्ही लावला आणि आतल्या घरात काय चालतं ते पाहत तिघंही बसले. जेवणाच्या सुमारास यवतमाळचे एक गृहस्थ दारात आले. शिक्षक असावेत. हातात गेमचं कार्ड, चेहऱ्यावर उत्सुकता.

"तानूबाई इथेच राहतात ना?" त्यांनी विचारलं.

भाऊसाहेब झोपाळ्यावरून उठले. साळिंदर असूनही त्यांनी काटे अंगासरशी बसवून घेतले होते, पाहुण्यांना टोचू नयेत म्हणून. "या, या. इथेच, वरच्या मजल्यावर. पण उन्हातून आलात, टेका जरा. चहा टाकलाच आहे."

"नको, मी भेटून लगेच..."

"चहाला नाही म्हणू नये. घोटभर घ्या आणि मग जा वर. जिना काय पळून जातोय?"

गृहस्थ टेकले. चहा आला. चहाबरोबर बोरं आली. बोरं कुठून आणली असं विचारल्यावर भाऊसाहेबांनी दरीतली एक उडी करून दाखवली आणि गृहस्थांनी "मी एकदा मारून बघू का?" असं विचारलं. दिवेलागणीला ते भाऊसाहेबांचा निरोप घेऊन, अतिशय समाधानाने आपल्या घरी गेले. जिन्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

वर तानूबाई कुदळ मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. तिचा चेहरा अंधारात नीटसा दिसत नव्हता.

"तिच्या खोलीत दिवा का नाही?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"दिवा आहे. बटण सापडत नाही, काकू," फिरोज म्हणाला. "आठ महिने शोधतोय."

डॉक्टरांनी आतल्या कारभाऱ्याकडे दाद मागितली. कारभारी म्हणजे पडद्यावर फिरतो तो बाण. सरळ स्वभावाचा, पण नियमाला पक्का. डॉक्टर टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला आणि आपलं म्हणणं मांडलं.

"बटण माळ्यावरच्या कपाटामागे आहे," बाण म्हणाला.

"हे कुठे लिहिलेलं नाही."

"घरच्यांना माहीत आहे, डॉक्टरसाहेब. घरच्यांसाठी कोण लिहून ठेवतं?"

"पण आम्ही घरचे नाही."

"म्हणून तर तुम्हाला माहीत नव्हतं," बाण म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता. त्याला ते खरंच सुसंगत वाटत होतं.

डॉक्टरांनी स्वतंत्र जिन्याची मागणी केली. भाडेकरूंचे पाहुणे परस्पर वर जातील असा, बाहेरून.

"बाहेरून जिना काढायचा तर भिंत फोडावी लागेल," बाण म्हणाला. "आणि भिंतीच्या पलीकडे तुमचा टीव्ही आहे."

"मग भाऊसाहेबांना सांगा, पाहुण्यांना थांबवू नका म्हणून."

"दारात आलेल्याला चहा विचारू नका, असं मी घरमालकांना सांगू?" बाण क्षणभर जागच्या जागी थरथरला. "तुम्ही सांगाल का, तुमच्या घरी?"

डॉक्टरांनी इंदुमतीबाईंकडे पाहिलं. त्या चहाच ठेवायला उठल्या होत्या. डॉक्टरांनी मागणी मागे घेतली.

इतर भाडेकरूंची तऱ्हाही वेगळी नव्हती. शेजारच्या खोलीत एक अख्खा फुटबॉल संघ राहत होता. त्यांचे पाहुणे खालीच रमत, म्हणून ते आपसातच सामने खेळून स्वतःच टाळ्या वाजवत. त्यांचा गोलरक्षक तानूबाईला म्हणाला, "बाई, आम्ही तर पाहुण्यांना आणायला फाटकापर्यंत गेलो होतो."

"मग?"

"आम्हालाही चहाला बसवलं."

दिवाळी तोंडावर आली. दर दिवाळीला भाऊसाहेब एखादं नवं साहस काढायचे. त्या वर्षी ते ढगांवर बोरं वेचणार होते. पाहुण्यांची ही गर्दी झाली. दिवाणखान्यात सतरंज्या कमी पडल्या, जिन्याच्या पायऱ्यांवर लोक फराळाच्या बशा घेऊन बसले, आणि वर जायची जी काही वाट होती तीही बुजली. डॉक्टर रोज सकाळी पूजेआधी टीव्ही लावत आणि लगेच बंद करत.

"मी तिला उगाच जन्माला घातली," ते फिरोजला म्हणाले. "मातीत राबणारी बाई. तिला उडी मारता येत नाही, गाता येत नाही. मी तिला साधं हसायला शिकवलं नाही."

"तिला पाणी शोधता येतं, सर."

"दिवाणखान्यात कोणाला पाणी हवंय, फिरोज?"

भाऊबीजेला सकाळी तानूबाई कुदळ खांद्यावर टाकून खाली उतरली. पायऱ्यांवरच्या लोकांनी बशा उचलून तिला वाट दिली. फराळ वाढणारी कुणी असावी, असं त्यांना वाटलं. ती सरळ झोपाळ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मालक, तुमच्याकडं पाणी कमी पडायलंय."

भाऊसाहेब ओशाळले. "तुम्हाला कसं कळलं?"

"पाव्हण्यांचा चहा दाट व्हायला लागलाय. वरपर्यंत वास येतोय."

ते खरं होतं. इतक्या चहाला त्या घरातलं पाणी पुरत नव्हतं आणि भाऊसाहेब ही गोष्ट दोन दिवस हसतमुखाने लपवत होते. तानूबाईने खाली बसून फरशीला हात लावला. एक मुंगी कुठे चाललीय ते पाहिलं. भिंतीतून आलेलं उंबराचं रोप पाहिलं. मग तिने झोपाळ्याखाली कुदळीच्या दांड्याने ठोकून कान दिला. पाहुण्यांच्या बशा हातातच राहिल्या.

"इथं हाय," ती म्हणाली. "पण झोपाळा हलवावा लागंल."

डॉक्टरांनी खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली. "फिरोज, तिला थांबव. तिची पारख माळावरची आहे. फरशीखालचं मी तिला शिकवलेलं नाही. चुकली तर?"

"थांबवायचं बटण कुठे आहे, सर?"

"कपाटामागे असेल," इंदुमतीबाई म्हणाल्या.

भाऊसाहेब झोपाळ्यावरून उतरले. सगळ्या घराला वाटत होतं, ते नाही म्हणतील. त्यांनी झोपाळ्याच्या कड्या स्वतःच्या हातांनी काढल्या आणि म्हणाले, "खणा. पाहुण्यांना पातळ चहा मिळायला हवा."

ती खणायला लागली. माती वर काढायला कुणी हवं, म्हणून यवतमाळचे गृहस्थ पुढे झाले. ते दिवाळीलाही आलेच होते. त्यांनी दोर धरला. मग त्यांच्यामागे दुसऱ्याने धरला. मुरूम लागला तेव्हा आता डावीकडे जायचं की उजवीकडे यावर पाहुण्यांत वाद झाला, आणि तानूबाईने एकेकाला खाली बोलावून दगड हातात दिला. "बघा. जड लागतोय का? ओला हाय तो." ढगांवरची बोरं तशीच लोंबत राहिली. दोर धरायला रांग लागली, रांगेत ढकलाढकली झाली, आणि ती आवरायला फुटबॉल संघ खाली आला.

डॉक्टर रडत होते की चष्मा पुसत होते, हे इंदुमतीबाईंना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

विहीर पुरुषभर खोल गेल्यावर बाण आला. दिवाळी संपली होती.

"तानूबाईंच्या खोलीवर आलेले पाहुणे: एकही नाही," तो म्हणाला. "खोली रिकामी करावी लागेल."

"अहो, ही काय माणसं उभी आहेत," डॉक्टर टीव्हीसमोर उठून उभे राहिले. "सगळे तिचाच गेम खेळताहेत."

"ते दिवाणखान्यात आहेत, डॉक्टरसाहेब. दिवाणखान्यातला पाहुणा घरमालकांचा."

विहिरीतून तानूबाईचा आवाज आला. "खोली रिकामीच हाय की. मी हितं हाय."

बाणाने वर जाऊन पाहिलं. खोली खरोखरच रिकामी होती. तो परत आला तेव्हा त्याची चाल मंदावली होती. "मग आपण नेमक्या कुठे राहता, असं धरायचं?"

"विहिरीत."

"आणि विहीर कुणाची?"

"माझ्या दिवाणखान्यात आहे, म्हणजे माझी," भाऊसाहेब म्हणाले. "घरच्या विहिरीत असलेलं माणूस घरचंच. त्यांना काढायचं तर विहीर बुजवावी लागेल, आणि मग पाहुण्यांना मी काय पाजू?"

बाण बराच वेळ गोल गोल फिरत राहिला. विचार करताना तो तसंच करी. शेवटी थांबला. "नियमात बसतं," तो म्हणाला. "आजपासून तानूबाई घरच्या. आणि ज्यांनी त्यांना बनवलं, ते डॉक्टरसाहेब आणि मुजावर, तेही घरचे."

नेमक्या त्याच वेळी पाणी लागलं. यवतमाळच्या गृहस्थांनी पहिली बादली ओढली आणि ती भाऊसाहेबांच्या हातात दिली. चहा पुन्हा पातळ झाला. पुढे कित्येक वर्षं लोक त्या घरी यायचे ते दोघांकडे. आधी कुणाकडे, हे ज्याच्या त्याच्या लहरीवर असायचं. मिरजेच्या आसपासच्या दोन गावांत शाळेतल्या पोरींनी उंबर पाहून पाण्याची जागा सांगितली आणि ती बरोबर निघाली, असं फिरोजने येऊन सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "योगायोग असेल." पण त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

त्याच वर्षी डिसेंबरात बाणाने वर्षाचा आढावा वाचून दाखवला होता. "या कन्सोलवर बाहेरच्यांपैकी यंदाही कुणाला यश मिळालं नाही," तो म्हणाला.

"त्यांना जमतच नाही," फिरोज म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली. "अवघडच आहे त्यांचं. बटणसुद्धा सापडत नाही बिचाऱ्यांना."

आणखी एक गोष्ट गोलरक्षकाने त्यांना कधीतरी सांगितली होती, पण ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे. बऱ्याच वर्षांनी सांगलीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात त्या कन्सोलचा सर्वांत जुना नमुना त्यांच्या दृष्टीस पडला. दुकानदाराला विनंती करून त्यांनी तो लावायला सांगितला आणि आत पहिल्यावहिल्या गेममधला एक पांढरा चौकोन एकटाच बसला होता, त्यालाच विचारून खात्री करून घेतली. घराचा मूळ मालक तो चौकोनच. भाऊसाहेब साळिंदर त्याच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले होते, आणि एकदा वाटीभर साखर मागायला खाली उतरले ते परत वर गेले नाहीत.