माकडाला सासऱ्याचं नाव

कोळीमाकडांबद्दल मला कुणी काही शिकवू नये! पेरूचं काळं, इक्वेडोरचं तपकिरी डोक्याचं, गयानाचं लाल तोंडाचं, आमच्या युकातानचं काळ्या हातांचं... झोपेतून उठवून विचारा! पर्यटकांना जंगल दाखवतो मी, चेष्टा नाही!

फक्त लग्न तेवढं जमत नव्हतं. माझ्या लिगियाचे वडील, डॉन तिबुर्सिओ, म्हणजे गावचे प्रमुख. "माकडांमागे फिरणाऱ्याला मुलगी देऊ?" एवढं म्हणायचे आणि टांगलेल्या झोळीत पडल्या पडल्या कूस बदलायचे.

आता आमच्याकडे कळपातल्या प्रत्येक माकडाला गावातल्या कुणाचं तरी नाव देतात. मोठा मान असतो तो! मी सगळ्यात दांडगं माकड हेरलं. शेपटीखाली नजर टाकली, पुरावा चांगला लोंबत होता. झालं! ठेवलं नाव, डॉन तिबुर्सिओ!

म्हातारा विरघळला!

"दांडगा आहे ना रे?"

"अहो, अख्खा कळप त्याच्या धाकात!"

"मग माझ्यावरच गेलाय!"

रविवारी त्यांनी जमिनीत पुरून अख्खं डुक्कर भाजलं, दोस्तमंडळी बोलावली. आधी माकडदर्शन, मग जेवण, आणि जेवताना आमच्या लग्नाची घोषणा! सगळी वरात जंगलात शिरली.

"ते बघा, डॉन तिबुर्सिओ!" मी ऐटीत बोट दाखवलं.

डॉन तिबुर्सिओ फांदीवर बसले होते. पोटाला एक चिमुकलं पिल्लू घट्ट चिकटलेलं.

"हे काय?" खालचे डॉन तिबुर्सिओ गुरगुरले.

"अं... बाप प्रेमळ आहे. फिरवतोय लेकराला."

तेवढ्यात ते लेकरू चुटूचुटू दूध प्यायला लागलं!

कोळीमाकडांत लोंबतं ते मादीचं, नराचं शोधावं लागतं! सगळ्या जातींत हेच. नेमकं तेवढंच माझं वाचायचं राहिलं होतं.

"अगंबाई!" सासूबाई डोन्या एल्बा हसून हसून खाली बसल्या. "घरी कधी पेला विसळला नाहीत, आणि इथे लेकरू पाजताय!"

"तिबुर्सिओ, टोपी घाल बाबा! बाळंतिणीला वारा बाधतो!" दोस्त खिंकाळले.

म्हातारा मिरचीसारखा लाल! लिगियाने डोळे मिटून घेतले.

"मग... लग्न?" मी कसंबसं विचारलं.

"डुक्कर भाजून झालंय, लोक जमलेत. करा लग्न!" ते कडाडले. "पण उद्या तुम्हाला मूल झालं, तर मुलगा की मुलगी ते सुईण सांगेल. तू तोंड उघडायचं नाहीस!"

परवाच आम्हाला बाळ झालं. लोक विचारतात, काय झालं? मी म्हणतो, आत जाऊन विचारा!